ट्रेनिंगनं सुटेल का हे?

अंधेरीच्या एमआयडीसीत औषधांच्या एका फॅक्टरीत मी नोकरीला होते, तेव्हाची ही गोष्ट. पॅकिंगच्या लाइनवर नवी बॅच लागून दहा-पंधरा मिनिटं झाली असतील. बेल्टच्या कडेच्या पट्टीखाली आधीच्या बॅचचं एक रिकामं कार्टन सापडलं. पुठ्ठ्याची एक डबी, तिचं एवढं काय, असं बाहेरच्याला वाटेल. पण त्या डबीवर आधीच्या बॅचचा नंबर आणि एक्स्पायरीची तारीख छापलेली असते. तिच्यात नव्या बॅचच्या गोळ्या गेल्या आणि पुढे कधी माल परत मागवायची वेळ आली, तर कुठल्या गोळ्या कुठल्या दुकानात गेल्या याचा माग लागत नाही. म्हणून बॅच बदलताना सगळी लाइन रिकामी करायची, पुसायची, वाकून तपासायची आणि मगच सह्या करायच्या, असा नियम असतो. त्याला लाइन क्लिअरन्स म्हणतात.

काम थांबलं, चौकशी झाली, कागद भरले गेले. पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करणार, या रकान्यात एकच ओळ होती: संबंधित ऑपरेटरना रीट्रेनिंग. तो कागद माझ्या टेबलावर आला, कारण ट्रेनिंगचं खातं माझ्याकडे होतं.

दुसऱ्या दिवशी मी लाइनवर गेले. तिथले सगळ्यात जुने ऑपरेटर, त्यांना सगळे काकाच म्हणायचे, बावीस वर्षं त्याच खात्यात. मी विषय काढला तर ते चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "मॅडम, लाइन क्लिअरन्स मला झोपेतून उठवून विचारा, सांगतो. तुम्ही जरा इथं वाकून बघा." मी वाकले. पट्टीखाली मिट्ट काळोख. "टॉर्च असते ना काका?" "असते की. सुपरवायझरसाहेबांच्या कपाटात. चावी त्यांच्या खिशात. आणि बॅच बदलते नेमकी तीनला, शिफ्ट सुटताना. जाणारे साहेब निघालेले असतात, येणारे अजून कपडे बदलत असतात."

पंधरा दिवसांनी टॉर्च दोरीनं बांधून लाइनच्या खांबाला लटकवली गेली, आणि शिफ्ट बदलायच्या अर्ध्या तासात बॅच बदलायची नाही असं ठरलं. रीट्रेनिंगही झालंच, कागदावर तसं लिहिलेलं होतं ना. अकरा माणसं, अर्धा तास, अकरा सह्या. बावीस वर्षं हेच काम केलेल्या माणसाला मी तेच काम पुन्हा समजावत होते आणि ते मान खाली घालून ऐकत होते. ते मला आजही लागतं.

लोक मला विचारतात, कंपनीत ट्रेनिंगवाली माणसं नेमकं करतात काय? मी या कामात येऊन वीस वर्षं होत आली. माझ्या मते या कामाचा गाभा एका प्रश्नात आहे: समोरची अडचण ट्रेनिंगनं सुटेल का? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत आमच्या धंद्यात जितकी होते, तितकी क्वचितच कुठे होत असेल. विक्री पडली, ट्रेनिंग द्या. ग्राहक ओरडतोय, ट्रेनिंग द्या. दोन खात्यांचं पटत नाही, त्यांना टीम बिल्डिंगला लोणावळ्याला न्या.

काम बिघडण्याची कारणं मोजकीच असतात. माणसाला माहीतच नसतं. किंवा माहीत असतं पण हात बसलेला नसतो. किंवा माहीत आहे, हातही बसलाय, पण सामान नाही, वेळ नाही, परवानगी नाही. आणि चौथं कारण असं की काम नीट केल्यावर माणसाच्या पदरी काही पडत नाही, उलट त्रासच होतो. कॉल सेंटरमध्ये मुलीला सांगायचं, ग्राहकाचं शांतपणे ऐकून घे. आणि तिचा पगार ठरवायचा दिवसात किती कॉल संपवले यावर. ती बोलणं आवरतं घेणारच. यातल्या पहिल्या दोन कारणांना ट्रेनिंग लागू पडतं. उरलेल्या दोघांना नाही, कितीही चांगला ट्रेनर आणा. रॉबर्ट मेगर आणि पीटर पाइप या दोघांनी १९७० साली यावर एक साधी कसोटी सांगितली होती. जिवावर बेतलं तर या माणसाला हे काम जमेल का? जमेल, तर त्याला शिकवण्यात अर्थ नाही, अडचण दुसरीकडे शोधा. काकांना जमत होतं.

आता कंपनीत हे सगळं चालतं कसं, ते सांगते. या खात्याला हल्ली लर्निंग अँड डेव्हलपमेंट म्हणतात, बोलताना एल अँड डी. ते बहुतेक ठिकाणी एचआरच्या, म्हणजे मनुष्यबळ खात्याच्या, पोटात असतं. मार्च-एप्रिलमध्ये अप्रेझल, म्हणजे वर्षभराच्या कामाचं मूल्यमापन, होतं, तेव्हा प्रत्येक साहेबाला आपल्या माणसांना काय शिकवायला हवं ते लिहायचं असतं. हा झाला टीएनआय, म्हणजे गरजा ओळखण्याचा फॉर्म. तो कसा भरला जातो ते मुंबईतल्या कुठल्याही ऑफिसात काम केलेल्याला माहीत आहे: शेवटच्या दिवशी संध्याकाळी, एका बैठकीत बारा जणांचे फॉर्म, आणि सगळ्यांसमोर तेच तीन शब्द. कम्युनिकेशन, टाइम मॅनेजमेंट, लीडरशिप. त्यावरून वर्षाचं कॅलेंडर बनतं, नॉमिनेशन मागवली जातात, हॉल बुक होतो, आणि ट्रेनिंगच्या दिवशी सकाळी नऊला फोन येतो, आज माणूस सोडता येणार नाही. वर्षाच्या शेवटी मॅन-डेज मोजले जातात, म्हणजे किती माणसं किती दिवस बसली याचा गुणाकार. कॅलेंडर लागतंच, त्याशिवाय हॉलही मिळणार नाही. पण बसलेली माणसं मोजून शिकलेली माणसं कळत नाहीत.

खात्यात कामंही वेगवेगळी असतात. कोणी को-ऑर्डिनेटर: हजेरी, हॉल, जेवण, सर्टिफिकेटं. नवी मुलं इथूनच सुरुवात करतात आणि मी या कामाला कधीच कमी लेखत नाही, कारण कोण येतं, कोण टाळतं, कोणाचा साहेब सोडत नाही हे सगळ्यात आधी त्यांनाच कळतं. कोणी वर्ग घेतं. कोणी मजकूर तयार करतं, आता बराचसा मोबाइलवर बघायचा असतो म्हणून. कोणी ते सॉफ्टवेअर सांभाळतं जिथे कोर्स पूर्ण केल्याचा हिरवा टिक येतो. गरज शोधा, आखणी करा, साहित्य बनवा, शिकवा, परिणाम तपासा, अशा पाच पायऱ्यांचा एक आराखडा सगळीकडे वापरला जातो. अ‍ॅडी म्हणतात त्याला. १९७५ च्या सुमारास फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीनं अमेरिकन लष्करासाठी तो केला होता. आपल्याकडे त्याच्या मधल्या तीन पायऱ्यांवर सगळा जोर असतो. पहिली फॉर्मवर उरकली जाते आणि पाचवीला वेळ उरत नाही.

काही ट्रेनिंग कायद्यानंच द्यावी लागतात. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ सालचा. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती लागते आणि मालकानं ठरावीक काळानं जागृतीचे कार्यक्रम घ्यायचे असतात. तसंच १९६१ च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्याखालच्या नियमांप्रमाणे तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला आपल्या संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के अ‍ॅप्रेंटिस घ्यावे लागतात. आयटीआयच्या मुलांसाठी हे मोठं दार आहे. पण घेतलेल्या मुलाला वर्षभर झेरॉक्स काढायला लावायचं की मशीनवर उभं करायचं, हे कायदा बघायला येत नाही. ते आमच्या खात्यानं बघायचं असतं.

आता मोठी माणसं शिकतात कशी, याकडे येते. इथे थोडं थांबायला हवं, कारण याच जागी पैसा सगळ्यात जास्त वाया जातो.

हेरमान एबिंगहाऊस नावाच्या जर्मन अभ्यासकानं १८८५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यानं अर्थ नसलेली अक्षरं स्वतःच पाठ केली आणि किती वेळानं किती विसरतो ते स्वतःवरच तपासलं. त्याला दिसलं की विसरणं सुरुवातीला फार भराभर होतं, मग त्याचा वेग मंदावतो. आणि तीच गोष्ट थोड्या थोड्या दिवसांच्या अंतरानं पुन्हा केली की ती टिकते. आपल्या आज्यांना हे ठाऊक होतं, पाढे रोज संध्याकाळी म्हणायला लावायच्या. पण कंपनी काय करते? दोन दिवसांचा वर्ग, सकाळी साडेनऊ ते सहा, दोनशे स्लाइड, आणि मग सहा महिने शांतता.

दुसरा प्रयोग अलीकडचा आहे, २००६ चा, रोडिगर आणि कार्पिक यांचा. विद्यार्थ्यांच्या एका गटानं उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्यानं वाचून तो बंद केला आणि आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे. आठवड्यानं घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. म्हणून माझ्या वर्गात आता दर वीस मिनिटांनी वह्या बंद होतात आणि प्रत्येक जण आठवेल ते शेजारच्याला सांगतो. लोकांना आवडत नाही. डोक्याला ताण येतो. पण हात बसतो तो त्या ताणामुळेच.

एक खोटी गोष्टही सांगून टाकते, कारण ती अजून प्रत्येक दुसऱ्या ट्रेनरच्या स्लाइडवर असते: वाचलेलं दहा टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं वीस, पाहिलेलं तीस, केलेलं नव्वद. या आकड्यांना कुठल्याही संशोधनाचा आधार नाही. एडगर डेल या अमेरिकन प्राध्यापकानं १९४६ मध्ये अनुभवांचा एक शंकू काढला होता, त्यात एकही टक्केवारी नव्हती. आकडे नंतर कोणीतरी चिकटवले. इतके सुबक, दहा-दहाच्या पायरीचे आकडे माणसाच्या डोक्यातून निघत नसतात. मी स्वतः पहिली चार वर्षं ती स्लाइड दाखवली आहे.

मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली पद्धत दुसऱ्या महायुद्धातली आहे. अमेरिकेत कारखान्यातली कसबी माणसं लढाईवर गेली आणि ज्यांनी कधी मशीन बघितलं नव्हतं अशी माणसं, त्यात हजारो बायका, कामाला आली. त्यांना झटपट तयार करण्यासाठी १९४० ते ४५ या काळात ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री नावाचा सरकारी कार्यक्रम चालला. त्यातल्या शिकवण्याच्या चार पायऱ्या खिशात मावेल अशा कार्डावर छापलेल्या होत्या. शिकणाऱ्याला आधी मोकळं करा, त्याला काय येतं ते विचारा. मग काम करून दाखवा, एका वेळी एक पायरी, आणि नेमकं कुठे जपायचं ते सांगा. मग त्याला करू द्या आणि करताना का ते त्याच्या तोंडून वदवून घ्या. मग त्याला एकटं सोडा, पण अडलं तर कोणाला विचारायचं ते सांगून, आणि अधूनमधून बघायला जा. कार्डावर शेवटी लिहिलेलं असे: कामगाराला आलं नसेल, तर शिकवणाऱ्यानं शिकवलेलं नाही.

टॉर्चच्या प्रकरणानंतर वर्षभरानं काँट्रॅक्टवर नवी मुलं आली, तेव्हा मी काकांना म्हटलं, लाइन क्लिअरन्स तुम्ही शिकवा. ते गडबडले. "मला इंग्लिश येत नाही, मी कसला ट्रेनर?" त्यांच्या मनात ट्रेनर म्हणजे टाय लावून प्रोजेक्टरसमोर उभा राहणारा माणूस होता. मी त्यांना कार्डावरच्या चार गोष्टी मराठीत लिहून दिल्या आणि लांब उभी राहिले. काकांनी साकीनाक्याहून आलेल्या एका मुलाला जवळ बोलावलं. आधी विचारलं, कुठे राहतोस, आधी काय करायचास. मग काही न बोलता पूर्ण लाइन तपासून दाखवली. मग पुन्हा, या वेळी बोलत: इथं बोटानं चाचप, डोळा फसतो. हा कचऱ्याचा डबा बेल्टखाली सरकवू नकोस, बाहेर काढून उलटा कर. मग त्याला करायला लावलं आणि दर दोन पावलांना विचारलं, "का रे?" मुलगा एका ठिकाणी अडला. काकांनी उत्तर दिलं नाही. आधीच्या बॅचचं एक कार्टन खिशातून काढलं, पट्टीखाली सरकवलं आणि म्हणाले, "शोध." त्याला ते सापडायला चार मिनिटं लागली. तो मुलगा ते विसरायचा नाही.

भाषेचा मुद्दा इथे आलाच आहे तर बोलते, कारण मला त्याची कळकळ आहे. मुंबईतल्या कारखान्यांत, हॉस्पिटलांत, गोडाउनांत कामाचे लेखी नियम बहुतेक इंग्रजीत असतात. त्यांना एसओपी म्हणतात. शेवटी एक ओळ असते, मी हे वाचलं आणि समजलं, आणि खाली सही. कागदोपत्री शंभर टक्के ट्रेनिंग. प्रत्यक्षात सही करणाऱ्याला निम्मे शब्द लागलेले नसतात आणि विचारायची लाज वाटते. आम्ही बारा महत्त्वाच्या एसओपींची फोटो घालून एकेक पानं केली, मराठीत आणि हिंदीत. पहिल्या प्रयत्नात फसलो. भाषांतर बाहेरून करून आणलं होतं, त्यात कन्व्हेयरला 'वाहक पट्टा' आणि बॅचला 'तुकडी' लिहिलेलं. लाइनवर कोणी तसं बोलत नाही, तिथे बेल्ट म्हणतात आणि बॅच म्हणतात. शेवटी काकांना आणि आणखी दोघांना बसवून त्यांच्याच शब्दांत लिहिलं. वाचून एकजण म्हणाली, "मॅडम, हे असंच लिहायचं असतं हे मला माहीतच नव्हतं." आठ वर्षं ती सह्या करत होती.

परिणाम तपासण्यासाठी डोनाल्ड किर्कपॅट्रिक यांनी १९५९ पासून लेख लिहून चार पातळ्या मांडल्या. वर्ग आवडला का. काही शिकले का. परत जागेवर गेल्यावर वेगळं वागतात का. आणि त्यामुळे धंद्याला काही फरक पडला का. हॉलबाहेर पडताना भरून घेतात तो फीडबॅक फॉर्म म्हणजे पहिली पातळी. त्यावरून एवढंच समजतं की एसी जास्त होता आणि ट्रेनरसाहेब छान बोलले. दुसरीसाठी परीक्षा असते. तिसरीसाठी मात्र खुर्ची सोडावी लागते. सहा आठवड्यांनी त्या माणसाच्या कामाच्या जागी जाऊन उभं राहायचं आणि बघायचं. मी हे वर्षाला चार-पाच विषयांसाठीच करू शकते, जास्त नाही. पण ज्या विषयात चूक महाग आहे तिथे करतेच. चौथ्या पातळीबद्दल सावध असते. विक्री वाढली तर ट्रेनिंगमुळे की दिवाळीमुळे, हे सांगणं सोपं नसतं, आणि ठामपणे सांगणाऱ्या ट्रेनरवर मी विश्वास ठेवत नाही.

करिअर डेव्हलपमेंट म्हणजे याच कामाची दुसरी बाजू. ट्रेनिंग आजच्या कामासाठी, करिअर उद्याच्या कामासाठी. भारतात या दोन गोष्टी एका छताखाली आणण्याची सुरुवात मुंबईच्या कंपनीत झाली. १९७४ साली लार्सन अँड टुब्रोनं अहमदाबादच्या आयआयएममधल्या उदय पारीक आणि टी. व्ही. राव या प्राध्यापकांना आपली अप्रेझलची पद्धत बघायला बोलावलं. त्यांचं म्हणणं पडलं की नुसतं अप्रेझल सुधारून भागणार नाही. अप्रेझल, ट्रेनिंग, समुपदेशन आणि पुढच्या बढतीचा विचार हे सगळं एकमेकांना जोडा. १९७५ मध्ये तिथे एचआरडीचं, म्हणजे मनुष्यबळ विकासाचं, वेगळं खातं निघालं. देशातलं पहिलं म्हणून ते ओळखलं जातं.

त्याच्या आधी या शहरात माणूस शिकायचा कसा? माझे वडील परळच्या एका गिरणीत साचे, म्हणजे कापड विणायचे माग, चालवायचे. गावचा माणूस जॉबरकडे, म्हणजे गिरणीतल्या मुकादमाकडे, घेऊन गेला, जॉबरनं बदली म्हणून लावून घेतलं, शेजारच्या साच्यावरच्या माणसाकडे बघत बघत ते शिकले. भरती करणारा, शिकवणारा आणि काढून टाकणारा एकच, जॉबर. साहेब लोकांना शिकवायला १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली होती, आजची माटुंग्याची व्हीजेटीआय. पण साच्यावर उभ्या असलेल्या माणसाला तिथे जाग्याची आशा नव्हती. बाबांना साच्याच्या आवाजावरून धागा कुठे तुटणार ते कळायचं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि बाबांची गिरणी त्यांच्यासाठी परत उघडली नाही. पुढे नोकरी मागायला गेले की लोक विचारायचे, कागद काय आहे? कागद काहीच नव्हता. अठरा वर्षांचं कसब होतं आणि ते एका ओळीत कुठेही लिहिलेलं नव्हतं. त्यांनी वॉचमनची नोकरी धरली.

मी या क्षेत्रात कशी आले याचं खरं उत्तर हे आहे. आज आरपीएल नावाची सोय आहे. काम करत करत शिकलेल्याची परीक्षा घेऊन त्याला सर्टिफिकेट द्यायचं. २०१५ पासूनच्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत ती आहे. कंपनीनं ठरवलं तर आपल्या ड्रायव्हरांसाठी, वेल्डरांसाठी, हाउसकीपिंगच्या बायकांसाठी ती वापरता येते. फार थोड्या कंपन्या ठरवतात.

ऑफिसात अडचण वेगळी असते. तिथे कागद असतो, रस्ता दिसत नाही. बँकवाल्यांचा रस्ता निदान स्पष्ट आहे. मुंबईत १९२८ साली बँकर्सची इन्स्टिट्यूट सुरू झाली, तिच्या जेएआयआयबी, सीएआयआयबी या परीक्षा सरकारी बँकेत पास केल्या की पगारवाढ मिळते. खाजगी कंपनीत असं काही नसतं. तिथे आयडीपी नावाचा, म्हणजे आपल्या पुढच्या वाटचालीच्या आखणीचा, फॉर्म असतो आणि त्यात ठरलेला प्रश्न: पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता? विक्रोळीची एक मुलगी, अकाउंट्समध्ये बिलं पास करायची, त्या प्रश्नासमोर माझ्या पुढ्यात अर्धा तास गप्प बसली. शेवटी मी फॉर्म उलटा ठेवला आणि विचारलं, गेल्या महिन्यात कुठलं काम करताना जेवायची वेळ टळून गेली? तिचा चेहराच बदलला. एका व्हेंडरच्या जीएसटीचे आकडे जुळत नव्हते, ते तिनं दोन दिवस खणून काढले होते. तिच्या कामाचा तो भागही नव्हता. झालं, दिशा मिळाली. आठवड्यातून दोन तास टॅक्सेशनच्या एका ताईंबरोबर बसायचं, तिमाहीच्या शेवटी एका लहान कंपनीचे आकडे स्वतः जुळवायचे, आणि जागा निघाली की आयजेपीला, म्हणजे कंपनीतल्या अंतर्गत जाहिरातीला, अर्ज करायचा. यात वर्ग एकही नव्हता. माणूस सत्तर टक्के कामातून, वीस टक्के माणसांकडून आणि दहा टक्के वर्गातून शिकतो, असं एक सूत्र तुम्ही ऐकलं असेल. अमेरिकेतल्या सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिपनं १९८० च्या दशकात मोठ्या पदांवरच्या माणसांना त्यांच्या शिकण्याबद्दल विचारलं, त्यातून ते आलं. ते तंतोतंत गणित म्हणून घेऊ नये, पण रोख बरोबर आहे.

खरी लढाई तिच्या साहेबांशी झाली. "मॅडम, तिला शिकवलं की ती जाणार. मग बिलं कोण पास करणार?" त्यांचं चूक नव्हतं. तिमाहीचं क्लोजिंग त्यांच्या डोक्यावर होतं, बदली माणूस मिळायला तीन महिने लागतात, आणि माणूस तयार करून दुसऱ्या खात्याला दिल्याबद्दल त्यांना कोणी शाबासकी देणार नव्हतं. पुन्हा तेच चौथं कारण. त्यांना समजावून काही होणार नव्हतं. मी त्यांच्या वरिष्ठांकडे दोन गोष्टी मागितल्या: ती गेली तर सहा आठवड्यांत बदली माणूस, आणि त्यांच्या स्वतःच्या अप्रेझलमध्ये, किती जणांना पुढे पाठवलं, हा एक रकाना. दुसरी गोष्ट मिळायला दीड वर्ष लागलं. या कामात अशा एका रकान्यासाठी दीड वर्ष जाऊ शकतं, हे येणाऱ्यांनी धरून चालावं.

मुंबईची म्हणून एक गोष्ट आहे, ती आखणीत कोणी धरत नाही. रात्रपाळी करून सकाळी सातला सुटलेल्या माणसाला साडेनऊच्या वर्गात बसवतात. तो टिटवाळ्याला राहतो. आदल्या रात्रीच घरातून निघालेला असतो. तो झोपला की आम्ही लिहितो, प्रतिसाद कमी. मी नियम करून घेतला आहे: रात्रपाळीनंतर वर्ग नाही, सुटीच्या दिवशी बोलावलं तर बदली सुटी द्यायची, आणि बाहेरगावच्या गाड्यांची माणसं असतील तर साडेपाचच्या पुढे एक मिनिट नाही. हे मला कुठल्या कोर्सात शिकवलं नाही.

या क्षेत्रात यायचं असेल तर कोर्स आहेत. देवनारच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, चर्चगेटच्या जमनालाल बजाजमध्ये मनुष्यबळाचे अभ्यासक्रम आहेत, प्रवेश कठीण आहे. १९७० साली स्थापन झालेल्या इंडियन सोसायटी फॉर ट्रेनिंग अँड डेव्हलपमेंटचा डिप्लोमा नोकरी करता करता करता येतो. पण माझ्या ओळखीचे चांगले ट्रेनर निम्म्याहून जास्त दुसरीकडून आले आहेत. नर्स, टेलिकॉलर, शाळेतल्या बाई, वर्कशॉपमधला फोरमन. त्यांना एखादं काम हातानं करून माहीत होतं, आणि दुसऱ्याला न समजल्याचं त्यांना वाईट वाटायचं. बोलण्याची सफाई सहा महिन्यांत येते.

नोकरी लागली की पहिल्या आठवड्यात गेल्या वर्षीचं कॅलेंडर तुमच्या हातात ठेवतील. ते बॅगेत ठेवा. ज्या कामाची सगळ्यात जास्त तक्रार आहे ते काम कुठे चालतं ते विचारा आणि पहिल्या पाळीला तिथे जा. पाळी सातला लागते, साडेसहाला गेटवर पोचा. तिथल्या टपरीवर चहा घेत उभी असलेली माणसं सगळ्यात जुनी असतात. बाकीचं नंतर विचारा, आधी त्यांना विचारा टॉर्च कुठे असते.